पापणीतला रंग

पुनावळ्यात चतुराबाईच्या घरी भीमराज रजेवर आला, की पायावर पाणी पडायच्या आधी त्याची तपासणी व्हायची. मिलिटरीतल्या माणसाला तपासणीचं काय कौतुक, पण ही तपासणी घेणारी त्याची आई होती. ओसरीवर चढलेल्या पोराला ती पुन्हा अंगणात उजेडाला ओढायची, अंगठ्यानं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ताणायची, आणि आपल्या लुगड्याचा लाल काठ त्याच्या गालाला भिडवून पापणीच्या आतला रंग काठाशी ताडून बघायची. शेजारची अंबूबाई कुडावरून मान काढून विचारायची, "लागला का गं चतुरे?"

"लागला! सरकारनं पोसलंय पोराला."

मग पाय धुवायचे, मग चहा.

दोन महिन्यांनी भीमराज परत निघाला, की ट्रंक दारात यायची आणि पुन्हा तोच अंगठा, तीच पापणी, तोच काठ. ह्या दुसऱ्या तपासणीत मात्र रंग काठाला लागायचा नाही. काठ आपला लालभडक आणि पापणी चारचौघांसारखी गुलाबी. चतुराबाई तेव्हा पोराकडे बघायची नाही. ती चुलीकडे बघायची, आणि चुलीपाशी कस्तुरा असायची.

कस्तुरा चाकणकडची. बाप चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचा. घरात खाणारी नऊ तोंडं, त्यामुळे दहाव्या वर्षापासून तिच्या हातात परात. तिची भाकरी तव्यावर पडली की अशी फुगायची की लहान भावंडं तिच्यावर टिचकी मारायला टपून बसायची. चौसष्ट साली देहूरोडच्या विहारात तिचं भीमराजशी लग्न लागलं, तेव्हा बापानं व्याह्यांना दुसरं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "पोरीच्या हातची भाकरी खाऊन बघा, मग बोला."

नवरा लष्करात ट्रक चालवणारा, लडाखात लेहच्या बाजूला. बासष्टच्या लढाईनंतर तिकडे रस्ते, छावण्या, रसद असं सगळं वाढलेलं, म्हणून ड्रायव्हरांना उसंत नव्हती. वर्षातले दहा महिने तो तिकडे आणि दोन महिने इकडे. देहूरोड स्टेशनवर उतरून, ट्रंक खांद्यावर मारून तो शेतांच्या बांधांवरून चालत यायचा. कस्तुराला तो लांबूनच ओळखू यायचा, कारण साऱ्या शिवारात त्या रंगाचं तोंड दुसरं नव्हतं. गाल म्हणजे तापलेला तवाच.

पहिल्या रजेत तिनं त्याला काय काय खाऊ घातलं! बाजरीची भाकरी, पवनेचे मासे, रविवारी मटण, चाकणहून भावानं आणून दिलेले कांदे. भीमराजचा पट्टा एक भोक पुढं सरकला. पण गालावरचा लाल रंग आठ-आठ दिवसांनी उतरत गेला, आणि निघायच्या दिवशी चतुराबाईनं काठ लावून बघितला नि सोडून दिला.

"अंगानं भरला, पण रक्तानं उतरला," ती अंबूबाईला म्हणाली. "सुनंच्या हाताला उतार हाय."

झालं. अंबूबाईच्या कानात पडलेली गोष्ट पाण्यासारखी आळीभर पसरायची. महिन्याभरात कस्तुराचा हात 'उताराचा हात' ठरला. बारशाला, लग्नाला बायका भाकऱ्या थापायला बसल्या की कुणीतरी हळूच तिची परात ओढून घेऊन म्हणायची, "तू बस गं, दमली असशील."

अठरा वर्षांची पोर ती. नवरा दूर असल्याचं तिला वाटायचं ते वाटायचंच, पण त्याहून एक गोष्ट आत सलायची. आत्याबाईनं ज्या तोंडानं तो शब्द लावला, त्याच तोंडानं तो एकदा काढून घ्यावा. बस. तेवढ्यासाठी ती पुढं पंधरा वर्षं राबली.

एका साली गूळ-शेंगदाणे, एका साली नाचणी, एका साली रोज सकाळी बीट. एका साली तर चिंचवडच्या खाटकाकडे खेपा घालून तिनं त्याला इतकी कलेजी खायला घातली, की भीमराज म्हणाला, "अगं, बकऱ्या मला बघून पळायला लागल्या." पण रंग उतरला तो उतरलाच. अडुसष्ट साली चतुराबाई म्हणाली, "ह्या रजेत चूल माझी." साठ दिवस तिनं स्वतः रांधलं. साठाव्या दिवशी पापणी गुलाबी. अंबूबाई कुडावरून म्हणाली, "आता गं चतुरे?"

चतुराबाई म्हणाली, "पाणी कुणी भरलं? हिनंच न्हवं?"

भीमराज बिचारा समजावायचा. "आई, ते हवेचं काम हाय. तिकडं हवा पातळ. चार पावलं चाललं की धाप लागती. डाळ शिजता शिजत न्हाई. आमचा डॉक्टर म्हणतो, अशा हवेत रक्त आपोआप वाढतं. माझं एकोणीस भरलं. त्यानं सुई टोचली तर म्हणाला, काय रे भीमराज, रक्त हाय का काकवी?"

"हवा खाऊन कुणाचं रक्त वाढतंय? अन् हवेनं वाढलं, तर हितं काय हवा न्हाई व्हय? हितं तर मोप हवा हाय!"

ह्याचं उत्तर होतं, पण ते मिळायला अजून दहा वर्षं जायची होती.

कस्तुरानं मात्र नवऱ्याचं म्हणणं वेगळ्या अर्थानं मनावर घेतलं. ती त्या लेहला 'सवत' म्हणायला लागली. "गेलात का सवतीकडं? ती बरी लाल करती तुम्हाला. अन् माझ्याकडं आलात की उतरता." भीमराज हसायचा. येताना तो सुक्या जर्दाळूची पुडी आणायचा. ती जर्दाळू खायची आणि बिया डब्यात टाकायची. तो गेल्यावर दुपारी भांडी आवरली, की डबा काढून नुसता हलवायची. त्या आवाजात तिला बर्फ, नागमोडी रस्ता आणि त्यावरून चढणारा हिरवा ट्रक दिसायचा. कसा दिसायचा कोण जाणे, कारण चाकण, पुनावळं आणि पुणं ह्यांपलीकडे तिनं काही बघितलं नव्हतं. रोज पाचला ती दारात येऊन देहूरोडच्या बाजूला बघायची. गाडी त्या वेळेची असायची. तो येणार नाही हे माहीत असूनही बघायची. पुढे मुलगी झाली, इंद्रायणी. तीही आईच्या पदराला धरून तिकडेच बघायला शिकली.

"एकदा दाखवा तरी कशी हाय ती सवत," ती म्हणायची.

"पेन्शन झाली की नेतो. शब्द."

पंचाहत्तर साली पेन्शन झाली. भीमराज पिंपरीच्या एका कंपनीत कामगारांची बस चालवायला लागला. तोवर गावातली निम्मी पोरं सायकलवरून कंपनीत जायला लागली होती. कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड, वर ओव्हरटाइम. शब्द द्यायला सोपा, पण रजा कुठे मिळते? लेह राहिलं. बरं, आता नवरा बारमाही घरी, म्हणजे बारमाही गुलाबी. चतुराबाईनं पापणी बघणंच सोडलं. पण तो शब्द काही तिनं परत घेतला नाही, आणि कस्तुरानं आशा सोडली नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कस्तुराच्या पायांना सूज दिसायला लागली. सकाळी डोळ्यांखाली फुगायचं. विहिरीवरून एक हंडा आणताना ती दोनदा खाली ठेवायची. एके दिवशी चतुराबाईनं तिला हाताला धरून अंगणात उभं केलं. लग्नानंतर चौदा वर्षांत तिनं सुनेच्या पापणीला कधी बोट लावलं नव्हतं. आज लावलं. पापणी ओढली, काठ धरला, आणि काठ हातातून सुटला.

"पांढरी फटक हाय की गं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून चूल चतुराबाईची. पासष्टीची म्हातारी, पण खाटकाकडे स्वतः चालत जायची. कलेजी, पालक, बीट, गूळ. दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या तिच्यासमोर बसून गिळायला लावायची. चार महिने झाले. कस्तुरा पांढरीच होत गेली. एकदा जेवताना ती ताटाकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या पण हाताला उतार दिसतोय."

भीमराज हसता हसता थांबला. चतुराबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. कस्तुरानं घास घेतला. पंधरा वर्षांत तिनं उलटून दिलेला तो एकच टोला, आणि तोही मारून तिलाच वाईट वाटलं.

पिंपरीच्या दवाखान्यात निदान झालं. दोन्ही मूत्रपिंडं आकसत चालली होती. रक्त साडेपाच. आणि त्याच आठवड्यात भीमराजच्या डोक्यात एक विचार आला. तो कंपनीतून आला तो सायकल न लावताच ओरडला, "कस्तुरे, चल. लेहला!"

"काय येड लागलं का?"

"अगं, हितं गोळ्या खाऊन वाढत न्हाई ना? तिकडं हवा पातळ. माझं एकोणीस भरलं होतं. तुझं दहा तरी भरंल! माझा जोडीदार हाय तिकडं अजून. खोली देईल त्यो."

कस्तुराच्या चेहऱ्यावर जे आलं ते रक्त नव्हतं, पण रक्तासारखंच काहीतरी होतं. ती उठून डबा घेऊन आली आणि बिया खुळखुळवून म्हणाली, "सवतीच्या घरी न्हेताय? बघा हं, ती मला ठिवून घेईल अन् तुम्हाला हाकलंल." भीमराजच्या जुन्या फौजी स्वेटरच्या बाह्या तिनं आखूड करून घेतल्या. इंद्रायणीला चाकणला मामाकडे ठेवायचं ठरलं. पंधरा दिवस ती घरात अशी वावरत होती, की चतुराबाई अंबूबाईला म्हणाली, "निम्मं रक्त तर वाटंची तयारी करूनच वाढलंय."

राहिली डॉक्टरांची परवानगी. तिघं बसनं पिंपरीला गेली. डॉक्टरीणबाई वयानं पोक्त, बोलायला मोकळ्या. त्यांनी भीमराजचं सगळं ऐकून घेतलं. लेहचा डॉक्टर, एकोणीस, काकवी, सगळं. आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही सांगता ते खरं आहे, भीमराज. विरळ हवेत रक्त वाढतं. पण ते वाढवतं कोण, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. रक्त तयार होतं हाडांच्या पोटातल्या मगजात. पण किती करायचं, हे मगज आपल्या मनानं ठरवत नाही. ठरवतं मूत्रपिंड. आपल्याला वाटतं त्याचं काम लघवीचं. पण त्याच्यातून दिवसभर रक्त फिरत असतं, आणि रक्तातला प्राणवायू कमी पडतोय असं त्याला जाणवलं, की ते एक रस सोडतं. तो रस मगजापर्यंत पोचला की मगज कामाला लागतो."

"म्हणजे इंडेंट," भीमराज म्हणाला.

"काय?"

"फौजेत अन् कंपनीत, स्टोअरकडं मागणीची चिठ्ठी गेल्याबिगर माल निघत न्हाई. तिला इंडेंट म्हणत्यात."

"अगदी बरोबर. डोंगरावर तुमच्या मूत्रपिंडानं इंडेंटावर इंडेंट पाठवले. मगजानं रक्त केलं. तुम्ही लाल झालात. आणि यांची," त्यांनी कस्तुराकडे बघितलं, "यांची चिठ्ठी लिहिणाराच आजारी आहे. कच्चा माल आहे, कारखाना आहे, पण चिठ्ठी जात नाही. म्हणून कलेजी नि गोळ्यांनी भागत नाही. लेहला नेलंत तर हवा विरळ मिळेल, पण ती विरळ आहे हे ओळखून चिठ्ठी लिहायला कुणी नाही. रक्त वाढायचं नाही. उलट आहे त्या रक्तावर तिथं श्वाससुद्धा पुरणार नाही. मी परवानगी देणार नाही."

"तो रस बाटलीतनं मिळत न्हाई का?"

"असं औषध अजून निघालेलं नाही."

कस्तुरा मांडीवरच्या स्वेटरची आखूड केलेली बाही उलटसुलट करत राहिली. मग तिनं घडी घालून तो पिशवीत ठेवला. लेह तिथंच, त्या पिशवीत संपलं.

इतका वेळ चतुराबाई खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "बाई, एक सांगा. ह्यो रजेवर यायचा तवा लाल असायचा, अन् दोन महिन्यांत उतरायचा. दर साली. त्ये कशानं?"

"चिठ्ठी थांबल्यानं. खाली हवा भरपूर. मूत्रपिंड म्हणतं, आता एवढं रक्त नको. चिठ्ठ्या बंद. जादा झालेलं रक्त हळूहळू मोडून जातं. थोडा रंग तिकडच्या उन्हाचा आणि थंडीचा, तोही जातो. उतरलं म्हणजे आजारी पडला असं नाही आजी, घरी येऊन बरोबर मापावर आला."

"जेवणानं न्हाई?"

"जेवणाचा काय संबंध?"

"ह्याची बायकू रांधायची. तिच्या हाताला..." चतुराबाईला पुढचा शब्द उच्चारवेना.

डॉक्टरीणबाईंनी तिघांची तोंडं बघितली. त्यांना काय कळलं कोण जाणे. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, आणि चतुराबाईची हनुवटी धरून तिचीच पापणी खाली ओढली. आजवर दुसऱ्यांच्या पापण्या बघणाऱ्या म्हातारीचा डोळा पहिल्यांदाच कुणी बघत होतं.

"वा! ह्या वयाला असं रक्त मला इथं रोज बघायला मिळत नाही. कुणाच्या हातचं जेवता?"

भीमराजच म्हणाला, "हे चार महिने सोडले तर चौसष्टपासनं हिच्याच."

मी तर म्हणतो, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही! भीमराज वर्षातून साठ दिवस ती भाकरी खायचा, आणि चतुराबाई तीनशे पासष्ट दिवस. पण स्वतःची पापणी स्वतःला दिसत नाही, आणि घरात आरसा होता तो भीमराजच्या दाढीपुरता.

कस्तुराला अधूनमधून रक्ताची बाटली चढवायची ठरलं. भीमराजचा गट जुळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दिलेलं तुम्हाला दीड-दोन महिन्यांत भरून येईल. तुमची चिठ्ठी जाते."

"मग दोघांत माझी एकच जाऊ द्या," तो म्हणाला.

बाटली चढत होती तेव्हा कस्तुरा त्या थेंबांकडे बघत होती. लांबून, देहूरोडच्या वाटेनं येणारा तो रंग. इतकी वर्षं तो तिच्या दारात येऊन उतरायचा. आता तिच्यात उतरत होता. "शेवटी सवतीनं पाठवलं म्हणायचं काहीतरी," ती म्हणाली. भीमराजनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

घरी आल्यावर आठ दिवस चतुराबाई त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. कस्तुरा वाट बघत राहिली. वाट बघण्याची तिला सवय होती, पण आता हाताशी वेळ किती, ते तिला कळत होतं.

नवव्या दिवशी सकाळी चतुराबाईनं तिला अंगणात बोलावलं. कोवळं ऊन होतं. म्हातारीनं अंगठ्यानं पापणी ओढली आणि गालाला लुगड्याचा काठ भिडवला. कुडावरून अंबूबाईची मान वर आलीच.

"लागला!" चतुराबाई गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

अंबूबाईनं डोळे बारीक केले. "अगं चतुरे, पर ह्यो काठ तर..."

"तू गप! अन् ऐक. गावभर तूच सांगितलंस, आता हेबी तूच सांग. हिच्या हाताला उतार न्हाई. पंधरा वरीस हिच्या हातचं खाल्लं म्हणून मी हितं उभी हाय. भीमाचं उतरत होतं ते हवेनं. डॉक्टरीण बोलली. सांगशील का न्हाई?"

"सांगते की," अंबूबाई म्हणाली आणि खरोखरच लगबगीनं निघाली.

कस्तुरानं गालाशी धरलेला काठ बोटांत घेतला. ते लुगडं तिनं ओळखलं. तिच्या लग्नात आत्याबाईनं नेसलेलं, चौसष्ट सालचं. शेकडो धुण्यांत काठाचा लाल रंग जाऊन फिका, पांढुरका गुलाबी उरला होता. ट्रंकेच्या तळातून काढून म्हातारी आज ते नेसली होती. रोजचं लुगडं मागं दोरीवर वाळत होतं आणि त्याचा लालभडक काठ वाऱ्यानं हलत होता. कस्तुरानं तिकडे एकदा बघितलं. मग तिनं पाठ अशी फिरवली, की आत्याबाईला वाटावं, सुनेनं ते बघितलंच नाही.

"आत्याबाई, आज भाकऱ्या मी थापू?"

"दमशील."

"दोनच."

चतुराबाईनं परात पुढं सरकवली, पिठात पाणी घातलं आणि चुलीपुढं मांडी घालून बसली. पहिली भाकरी तव्यावर पडली. थोडा वेळ लागला, कारण कस्तुराच्या हातात जोर राहिला नव्हता आणि एक कड जाड आली होती. पण फुगली. टम्म फुगली. म्हातारीनं लहान पोरासारखी तिच्यावर टिचकी मारली, वाफ अंगावर घेतली, आणि तव्यावरची भाकरी ताटात यायच्या आधीच मोडून तोंडात घातली.